पावसाळ्यात जर्की बाहेरून कडक, आतून ओली: नेमकं कुठे बिघडतं

जर्की, म्हणजे मसाल्यात मुरवून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, घरी करणाऱ्यांची जून लागला की तक्रार एकच. ओव्हनमधून काढताना पट्ट्या छान कडक वाटतात, दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडलेल्या असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी कडेला पांढरे ठिपके दिसतात आणि झाकण उघडलं की आंबूस वास येतो. पुढच्या खेपेला माणूस दोन तास जास्त वाळवतो, आच वाढवतो, मीठही वाढवतो. मग पट्टी बाहेरून खापरासारखी होते, मोडली तर मधोमध गडद ओलसर रेघ दिसते, आणि बुरशी यायची ती येतेच.

बहुतेक वेळा आच कमी पडलेली नसते. ओव्हनमधली हवा बदलत नाही, आणि पट्ट्या वजन न करता घड्याळाकडे बघून काढल्या जातात. एवढं सुधारलं तर ऑगस्टमध्येही साध्या ओटीजीत (ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) चांगली जर्की होते. पण त्याआधी मांस आणि मीठ ठीक हवं, म्हणून सुरुवात तिथून.

मांस कोणतं आणि कसं

बीफ जर्कीच्या पाककृती मुळात अमेरिकेतल्या, त्यात गाय-बैलाचं मांस धरलेलं असतं. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे मुंबईत मोठ्याचं मटण म्हणून जे मिळतं ते म्हशी-रेड्याचं, आणि जर्की करायची ती त्याचीच. यात नुकसान काही नाही. या मांसात स्नायूंच्या आत चरबीच्या रेषा कमी असतात, आणि जर्कीला तेच हवं असतं, कारण चरबी वाळत नाही, ती खवट होते. मात्र हे मांस मुळातच गडद आणि जाड धाग्याचं असतं. म्हणून ‘गडद तपकिरी झालं की काढा’ ही अमेरिकन पाककृतींतली खूण इथे फसवते. ते पहिल्या तासातच गडद दिसायला लागतं.

कसायाकडून मागच्या मांडीचा बिनहाडाचा, एकसंध तुकडा मागा. बोनलेस म्हणून चिरून ठेवलेल्या फोडी घेऊ नका, त्यातून सारख्या जाडीच्या पट्ट्या निघत नाहीत. अंडरकट, म्हणजे पाठीखालचा मऊ तुकडा, वापरायची गरज नाही, महाग पडतो आणि वाळल्यावर त्याच्या मऊपणाचा उपयोग राहत नाही. वरचा पांढरा पडदा, शिरा आणि दिसेल तेवढी चरबी काढून टाका. काढल्यानंतरचं वजन लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

सकाळी आणलेलं ताजं मांस सुरीखाली घसरतं आणि पट्टी एका टोकाला ३ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ८ अशी निघते. पातळ टोक वाळून मोडायला लागतं तेव्हा जाड टोक आत ओलं असतं. तुकडा दीड ते दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेरून घट्ट आणि मध्ये सुरी जाईल इतपत. मग ४ ते ५ मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. धाग्याला आडवं कापलं तर चावायला सोपं जातं. रेड्याचं किंवा वयस्क जनावराचं मांस असेल तर आडवंच कापा, उभ्या धाग्याची पट्टी चऱ्हाटासारखी होते.

मीठ-मसाला: डोळ्याच्या मापाने नको

एकूण मीठ मांसाच्या वजनाच्या २ टक्के धरा, म्हणजे १ किलोला २० ग्रॅम. यात सोया सॉसमधलं मीठही मोजायचं, आणि चूक बहुधा इथेच होते. सोया सॉसमध्ये वजनाच्या १५ ते १८ टक्के मीठ असू शकतं. ७० ग्रॅम सॉस घातला तर त्यातूनच ११-१२ ग्रॅम मीठ आलं, वरून ८-९ ग्रॅम पुरे. बाटलीवर सोडियम लिहिलेलं असेल तर त्या आकड्याला अडीचने गुणा, मीठ मिळेल. डार्क सोयापेक्षा पातळ, हलक्या रंगाचा सॉस घ्या. डार्कमध्ये साखर-कॅरमेल जास्त असतं आणि पट्टीवर चिकट थर बसतो. गूळ, मध, साखर मिळून किलोला २० ग्रॅमच्या वर नको. साखर पाणी धरून ठेवते, पट्टी वजनाने वाळली तरी बोटाला चिकटते.

तेल अजिबात नाही, दहीही नाही. आलं-लसूण वाटून घातलं तर त्याचा चोथा पट्टीवर ओला राहतो आणि बुरशी आधी तिथेच धरते. रस गाळून वापरा किंवा लसणाची पूड घ्या. मिरी, लाल तिखट, धणे किंवा घरचा बॉटल मसाला (मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा मिश्र मसाला) किलोला १० ते १५ ग्रॅम पुरतो. कोकमाचं आगळ वापरायचं असेल तर त्यातही भरपूर मीठ असतं, तेवढं वरचं कमी करा. मुरवण फ्रिजमध्ये ८ ते १२ तास, मध्ये एकदा उलटसुलट करून.

आता क्युरिंग सॉल्ट, म्हणजे मांस टिकवण्यासाठीचं खास मीठ. हे काळजीपूर्वक वाचा. पाककृतीत पिंक सॉल्ट लिहिलेलं असतं आणि दुकानात त्या नावाने हिमालयन मीठ, म्हणजे आपलं सैंधव, हातात मिळतं. दोन्ही गुलाबी, पण एकमेकांशी संबंध नाही. क्युरिंग सॉल्ट म्हणजे मिठात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट, आणि ओळखू यावं म्हणून मुद्दाम घातलेला रंग. त्याचं प्रमाण १ किलो मांसाला २.५ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. नायट्राइट जास्त झालं तर विषबाधा होते. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा नसेल तर ते वापरूच नका. वापराल तेव्हा आधी मुरवणीत पूर्ण विरघळवा, कोरडं भुरभुरवलं तर एका पट्टीवर सगळं आणि दुसरीवर काहीच नाही असं होतं.

सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हा त्याला पर्याय नाही. ईस्ट इंडियन आणि गोवेकर घरांत खारवलेल्या जिभेला किंवा सॉल्ट मीटला सोरा लावायची पद्धत आहे, पण तिथे मांस कित्येक दिवस मिठात मुरतं आणि नंतर उकडून खाल्लं जातं. सोऱ्यातलं नायट्रेट सावकाश नायट्राइटमध्ये बदलतं. एका रात्रीच्या मुरवणीत ते काम होत नाही, आणि चिमटीने घातलेल्या सोऱ्याचा अंदाज कुणालाच सांगता येत नाही. क्युरिंग सॉल्ट नाही मिळालं तर त्याशिवाय करा, पण मग पुढची उकळी आणि फ्रिज या दोन्हीत सूट नाही.

उकळी आधी, वाळवण नंतर

वाळवताना ओव्हनची हवा ६५ अंश असली तरी मांस तेवढं तापत नाही. पाणी उडत असताना पट्टी थंड राहते, घाम वाळताना अंग थंड होतं तसं. पट्टी तापेपर्यंत ती कोरडी झालेली असते आणि कोरड्या मांसातले जंतू त्याच उष्णतेला जास्त टिकतात. म्हणून मांस ओलं असतानाच त्याच्या आतलं तापमान ७१ अंशांपर्यंत जायला हवं.

सोपा मार्ग असा: मुरवण आणि पट्ट्या एकत्र पातेल्यात घ्या, द्रव कमी असेल तर वाटीभर पाणी घाला, खळखळून उकळी आली की ५ मिनिटं ठेवा. सगळ्यात जाड पट्टी बाहेर काढून घडी घाला आणि घडीत थर्मामीटरची सुई धरून ७१ बघा. मग चाळणीत निथळा आणि किचन पेपरने दोन्ही बाजू टिपा. टिपणं टाळू नका, पृष्ठभागावरचं पाणी उडवण्यात ओव्हनचा पहिला तास वाया जातो. उकळलेली जर्की थोडी कमी चिवट, जरा भुसभुशीत होते. तो फरक स्वीकारावा. दुसरा मार्ग आहे वाळवून झाल्यावर १३५ अंशांच्या गरम ओव्हनमध्ये १० मिनिटं ठेवण्याचा, आणि तो ६ मिलिमीटरपर्यंतच्या पट्ट्यांनाच लागू पडतो. मुंबईच्या दमट हवेत वाळवण लांबतं आणि तेवढा वेळ कच्चं मांस कोमट राहतं, म्हणून इथे आधीची उकळीच बरी.

मूळ दुखणं: कोंडलेली हवा

६०० ग्रॅम मांस वाळून २४० ग्रॅम व्हायचं असेल तर ३६० ग्रॅम पाणी बाहेर पडायला हवं. ३० लिटरच्या ओटीजीत ६५ अंशांची हवा अगदी काठोकाठ भिजली तरी जेमतेम ५ ग्रॅम वाफ धरते. म्हणजे आतली सगळी हवा किमान ७०-८० वेळा बदलली पाहिजे. प्रत्यक्षात हवा कधीच पूर्ण भिजून बाहेर जात नाही आणि आत येणारी हवाही थोडं पाणी घेऊनच येते, म्हणून त्याच्या कितीतरी पट. दार बंद ठेवून हे होणं शक्य नाही. बंद ओटीजीत पट्ट्या वाळत नाहीत, वाफेत शिजतात.

मग आच वाढवली जाते. ९०-१०० अंशांना पृष्ठभाग झपाट्याने सुकतो, आतलं पाणी मात्र त्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही. वर कडक साल धरते आणि पाणी आत अडकतं. हीच ती खापरासारखी पट्टी.

पावसाळी हवेने घाबरून जायचं कारण नाही. ३० अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ६५ अंशांना तापवली की तिची आर्द्रता साधारण १५ टक्क्यांवर येते, चांगली कोरडी. तीच हवा ४० अंशांना फक्त ५० टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणून पावसाळ्यात कमी आचेवर रात्रभर वाळवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. नुसत्या पंख्याखाली किंवा एअर फ्रायरच्या ४० अंशांच्या सेटिंगवर मांस तासन्तास जंतूंच्या सोयीच्या तापमानात राहतं आणि वाळतही नाही.

ओटीजीची मांडणी अशी ठेवा. फक्त खालची कॉइल चालू, आतला पंखा असेल तर तोही चालू. दाराच्या वरच्या फटीत लाकडी उलथणं किंवा लाटणं अडकवून दार २ ते ३ सेंटिमीटर उघडं. समोर टेबल फॅन ठेवा, पण वारा दारावरून आडवा जाईल असा. आत थेट मारला तर कॉइल सतत पेटत राहते आणि पुढच्या पट्ट्या गार पडतात. बऱ्याच ओटीजींचा डायल १०० अंशांपासून सुरू होतो. दार उघडं असल्यावर जाळीवर ६० ते ७० मिळतात की नाही हे डायल सांगत नाही, मधल्या जाळीवर ठेवलेला ओव्हन थर्मामीटर सांगतो. ७० च्या वर जात असेल तर फट वाढवा, ६० च्या खाली येत असेल तर कमी करा.

पत्र्याचा ट्रे नको. जाळी हवी, क्रॉफर्ड मार्केटजवळ बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. त्याहून चांगलं म्हणजे पट्टीच्या टोकाला टूथपिक खोचून ती जाळीच्या दोन सळ्यांमधून खाली लोंबती सोडा, दोन्ही बाजूंना हवा लागते आणि जागाही कमी लागते. खाली ठिबकण्यासाठी एक ट्रे. पट्ट्या एकमेकींना चिकटू देऊ नका. ३० लिटरमध्ये ६०० ग्रॅमपेक्षा जास्त कच्चं मांस भरू नका, किलोभर भरण्याचा मोह अनेकदा पूर्ण घाणा घालवतो. दर तासाला पुढच्या पट्ट्या मागे, मागच्या पुढे. उकळलेल्या ५ मिलिमीटरच्या पट्ट्यांना साधारण ५ ते ८ तास लागतात. डीहायड्रेटर, म्हणजे पदार्थ वाळवायचं विजेचं यंत्र, असेल तर त्याला हे उपद्व्याप लागत नाहीत, पण तोही स्वयंपाकघराच्या बंद कोपऱ्यात नको. त्याने बाहेर टाकलेली वाफ तोच पुन्हा आत ओढतो.

घड्याळ नाही, काटा

वाकवून बघण्याची खूण सगळ्यांना माहीत असते: पट्टी वाकली पाहिजे, तडे गेले पाहिजेत, तुटता कामा नये. ही खूण गरम पट्टीवर चालत नाही, गरम पट्टी नेहमी मऊ लागते. आणि वरची साल कडक झालेली असेल तर थंड पट्टीही खोटी साक्ष देते.

वजन खोटं बोलत नाही. बिनचरबीच्या कच्च्या मांसात साधारण ७५ टक्के पाणी असतं. १ किलोतून वाळून ४५० ग्रॅम राहिलं तर ती अगदी वरची मर्यादा. पावसाळ्यासाठी ३८० ते ४०० ग्रॅमवर थांबा, म्हणजे मूळ वजनाच्या ३८ ते ४० टक्के. उकळताना काही अंश द्रवात निघून जातो, म्हणून ३८ च्या बाजूने राहिलेलं चांगलं. ३५ टक्क्यांना पट्टी कुरकुरीत व्हायला लागते. ती बिघडलेली नसते, फक्त चवीचा प्रश्न.

सगळ्या पट्ट्या दर वेळी मोजायची गरज नाही. मुरवण्याआधीच सगळ्यात जाड पट्टी निवडा, तिचं कच्चं वजन लिहा आणि टोकाला पांढरा दोरा बांधा. ती ४० ग्रॅमची असेल तर १५ ते १६ ग्रॅमवर आली की घाणा झाला. पातळ पट्ट्या त्याआधी होतील, त्या त्या काढत जा.

वाळलेलं पुन्हा भिजतं ते इथे

नीट वाळलेली जर्की ओट्यावर तासभर गार करायला ठेवली की तिथेच बिघडते. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. जुलैत मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात ते याचसाठी. खारी, गोडसर पट्टी तेच करते. पण गरम पट्ट्या डब्यात बंद केल्या तर त्यांची वाफ झाकणाला धरते.

म्हणून ओटीजी बंद करून दार जवळजवळ लावून घ्या आणि पट्ट्या आतच हाताला कोमट लागेपर्यंत गार होऊ द्या. घरात एसीची खोली असेल तर शेवटची पंधरा मिनिटं तिथे. मग लगेच रबरी रिंगच्या काचेच्या बरणीत, दोन तृतीयांशच भरून, रात्रभर फ्रिजमध्ये. या वेळात आतलं उरलेलं पाणी सगळ्या पट्ट्यांत सारखं पसरतं. सकाळी बरणी बाहेर काढून न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बाहेरचा घाम पुसा आणि आतून बघा. काचेला आतल्या बाजूने दव असेल किंवा पट्ट्या कालच्यापेक्षा लवचिक लागत असतील तर ६०-६५ अंशांना पुन्हा एक ते दीड तास. साल धरलेल्या पट्ट्याही याच रीतीने सुधारतात: रात्रभर बंद बरणीत फ्रिजमध्ये ठेवल्या की आतलं पाणी सालीपर्यंत येतं, साल मऊ होते, आणि मग दुसऱ्यांदा वाळवल्या की आतपर्यंत वाळतात. ही दुरुस्ती पहिल्या २४ तासांतच करायची. ओलसर पट्ट्या दोन दिवस बाहेर राहिल्या असतील तर टाकून द्या.

स्टीलच्या साध्या डब्याचं झाकण हवा अडवत नाही, पातळ झिप पिशवीही फार अडवत नाही. बरणीत ओल शोषायला सिलिका जेलची पुडी टाकायची तर खाद्यपदार्थांसाठीची घ्या. ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या वेगळ्या, त्या ओल शोषत नाहीत. जून ते सप्टेंबर जर्की बाहेर ठेवू नका: दोन-तीन आठवड्यांची फ्रिजमध्ये, बाकीची फ्रीझरमध्ये, आणि आठवड्याला लागेल तेवढ्याच छोट्या पाकिटांत. कोरड्या महिन्यांत, क्युरिंग सॉल्ट वापरलेलं असेल तर, हवाबंद बरणीत बाहेर दोन आठवडे चालते.

गच्चीवर उन्हात का नाही

मराठवाड्यात आणि विदर्भात मांसाच्या चान्या उन्हात वाळवण्याची जुनी, पक्की रीत आहे, आणि ‘मग मुंबईत का नको’ हे विचारणं रास्त आहे. तिकडे उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर कोरडी झळ असते, पातळ चानी एक-दोन दिवसांत खडखडीत होते. मुंबईचा मे ३३-३४ अंशांचा आणि समुद्राच्या ओलीचा. दुसरं, चान्या खायच्या वेळी निखाऱ्यावर भाजल्या जातात किंवा कालवणात शिजतात. जर्की तशीच तोंडात जाते. चान्यांच्या रीतीने वाळवून जर्कीसारखं खाणं यात दोन्हींची सुरक्षितता निघून जाते. वर्सोव्याला बोंबीलही उन्हा-वाऱ्यावर सुकतात, पण पावसाळ्यात ते कामही थांबतं.

उरलेल्या खुणा

पांढरा थर दिसला की ओलं बोट फिरवा. विरघळला, खारट लागला तर मीठ वर आलंय. तंतू असतील, केसाळ असेल, हिरवट असेल तर बुरशी, आणि मग ती एकच पट्टी नाही, अख्खी बरणी टाकायची. खरवडून, पुन्हा भाजून खायची नाही. कापलेल्या बाजूवर उजेडात हिरवी-जांभळी चमक दिसते ती धाग्यांवर प्रकाश पडल्याची, बिघाडाची नाही. वास जुन्या तेलासारखा असेल तर चरबी राहिली होती. वाळवताना पट्टीवर तेलाचे मणी दिसले तर तेव्हाच पेपरने टिपा आणि तो घाणा आधी संपवा. खिम्याची जर्की सुरुवातीला करू नका, खिम्यात पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत गेलेले असतात आणि चूक माफ होत नाही.

फ्रीझरमधलं पाकीट काढलं की उघडण्याआधी अर्धा ते पाऊण तास तसंच बंद ठेवा. गार पट्टीला मुंबईची हवा लागली की तिच्यावर लगेच दव धरतं आणि सहा तासांचं वाळवण पाच मिनिटांत भिजतं.